कुंडीत हे काय उगवलंय?

बेंगळुरूत मे महिन्यात संध्याकाळचे दोन-चार वळीव पडले, की पंधरा दिवसांत गच्चीतल्या कुंड्यांमध्ये गर्दी होते. तुम्ही लावलेली मिरची जेमतेम बोटभर असते आणि तिच्याभोवती कुणीही न पेरलेली दहा-बारा रोपं जोमात असतात. काहींची पानं गोल, काहींची कातरलेली, एखाद्यावर सकाळी सुंदर निळं फूल. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं उपटून टाका. दुसरा म्हणतो, राहू द्या, औषधी असेल काहीतरी, चटणी करू. या वेळी या दोन्ही पक्षांना थोडं थांबवायचं आहे.

पुण्या-नाशिकहून इथे आलेल्यांना एक फरक लगेच जाणवतो. तिकडे तण पावसाळ्यात माजतं आणि दिवाळीनंतर वाळून जातं. इथे एप्रिल-मेमध्ये वळीव, जून ते सप्टेंबर नेहमीचा मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून येणारा परतीचा पाऊस. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, त्यामुळे ऊनही फार भाजत नाही. तणाला याहून चांगलं घर कुठलं? एक पिढी उपटून होते न होते तोच दुसरी डोकं वर काढते.

ही रोपं येतात कुठून, याचं उत्तर साधं आहे. बरीचशी आपणच विकत आणतो. नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या पिशवीतल्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी, आंबुशीचं बी आणि केन्याचे तुकडे फुकट मिळतात. नीट न कुजलेल्या शेणखतातून गवतं येतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतातून टोमॅटो, पपई, भोपळा येतो. उरलेली वाऱ्यानं, आपल्या कपड्यांना चिकटून आणि पक्ष्यांच्या पोटातून येतात. शेवटच्या वाटेनं आलेल्यांकडे विशेष लक्ष द्यायचं, ते का ते पुढे सांगते.

दोन पानांवर असलेलं रोप ओळखायच्या भानगडीत पडू नका. पहिली दोन पानं म्हणजे बियांतल्या डाळिंब्या. त्या बहुतेक रोपांच्या सारख्याच दिसतात आणि त्यावरून जाणकारही चुकतात. खरी चार-सहा पानं येऊ द्या, दोन-तीन आठवडे लागतील. तेवढ्यात तुमच्या मिरचीचं काही बिघडत नाही. अगदीच खेटून आलं असेल तर मातीसकट उचलून वेगळ्या डब्यात लावा. अशी एक ‘चौकशीची कुंडी’ ठेवली की घरातलं भांडण मिटतं आणि मुलांनाही रोज बघायला काहीतरी मिळतं.

एका रोपाला मात्र ही सवलत नाही. ते म्हणजे गाजर गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी, आणि पुस्तकातलं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. याची आपल्या देशातली गोष्ट पुण्यात सुरू होते आणि तिचा एक महत्त्वाचा भाग बेंगळुरूत घडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे गवत मूळचं उष्ण अमेरिकेतलं. भारतात ते ठळकपणे नजरेत आलं ते १९५५ च्या सुमारास पुण्यात. १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. एस. राव यांनी त्याची नोंद छापली. अमेरिकेहून आलेल्या ‘पीएल ४८०’ च्या गव्हातून ते आलं, असं आपण सगळ्यांनीच ऐकलं आहे. पण त्या योजनेखालच्या पहिल्या करारावर भारतानं सही केली ती ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत दिसल्यानंतर. अमेरिकेचा गहू मात्र १९५१ च्या दुष्काळी मदतीपासून येतच होता. तेव्हा गहू दोषी असेलही, पण आरोपपत्रावरचा आकडा बहुधा चुकीचा आहे. नावाचंही तसंच. फुलं पांढऱ्या टोपीसारखी म्हणून काँग्रेस, की त्या काळच्या सरकारवरचा राग म्हणून, यावर दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे लोक भेटतात. कन्नडमध्येही त्याला ‘काँग्रेस गिडा’च म्हणतात, त्यामुळे शेजारणीशी बोलताना अडचण येणार नाही.

कुंडीत ते सुरुवातीला फार निष्पाप दिसतं. जमिनीलगत पसरलेला पानांचा गोल चक्राकार झुबका, पानं गाजरासारखी किंवा शेवंतीसारखी खोल कातरलेली, रंग किंचित राखाडी हिरवा, वर बारीक लव. म्हणूनच अनेक घरांत त्याला शेवंती किंवा झेंडू समजून पाणी घातलं जातं. झेंडूशी तुलना करताना पान कुस्करून बघायचा मोह होईल, तो याच्या बाबतीत टाळा. नुसतं बघूनही कळतं. झेंडूची आणि कॉसमॉसची पानं समोरासमोर जोडीनं येतात. गाजर गवताची आधी जमिनीलगत चक्रात, मग खोडावर एकाआड एक. शेवंतीची पानं जाडसर असतात आणि ती सहसा जुन्या खोडाच्या बुंध्यातून, मुनव्यांनी येते, कुठूनही अचानक नाही.

त्याला सवलत का नाही? कारण वेळ. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलू शकतं आणि एक मोठं झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकू शकतं. दुसरं कारण त्वचा. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे काही लोकांना अंगावर खाज, पुरळ, सूज येते, आणि परागकणांमुळे सर्दी, शिंका, दम्याचा त्रास. हा त्रास पहिल्या स्पर्शालाच होतो असं नाही. वर्षानुवर्षं हातानं उपटणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी अचानक सुरू होतो आणि मग पाठ सोडत नाही. म्हणून माळीकाका हातमोजे न घालता उपटत असतील तर त्यांना मोजे आणून द्या. ते ‘काही होत नाही अम्मा’ म्हणतील. तरी द्या.

पाऊस पडून माती मऊ असताना, फूल यायच्या आधी, मुळासकट उपटायचं. फूल आलेलं नसेल तर खताच्या खड्ड्यात चालतं. आलं असेल तर पिशवीत घट्ट बांधायचं. मिठाचं पाणी फवारायचा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. त्यानं गवत करपतं हे खरं, पण तीच माती तुम्हाला मिरचीला हवी आहे, हे विसरू नका.

आता बेंगळुरूचा भाग. १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा इथे आणला गेला, झायगोग्रामा बायकोलोराटा. आपल्याकडचे शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात. तो गाजर गवताशिवाय आणखी काय खातो याच्या चाचण्या शहराबाहेर हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत झाल्या आणि १९८४ मध्ये तो बेंगळुरू परिसरात सोडला गेला. पुढच्या काही पावसाळ्यांत इथल्या मोकळ्या जागांवरचं गवत त्यानं आणि त्याच्या अळ्यांनी कुरतडून काढलं. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सूर्यफुलावर हे भुंगे दिसले आणि एकच घबराट उडाली. सरकारनं समिती नेमली. शेवटी पिकाला धोका नाही असं ठरलं आणि आज तो देशात बऱ्याच ठिकाणी रुळला आहे, पुण्यातसुद्धा. म्हणजे पुण्यानं देशाला गवत दाखवलं आणि बेंगळुरूनं त्यावर भुंगा. याचा अभिमान कुणी किती बाळगायचा ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या आवारात पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा मोठा, फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी उभ्या नागमोडी रेषा असलेला भुंगा दिसला, तर कीटकनाशक फवारू नका. लेडीबर्डवर ठिपके असतात, याच्यावर रेषा. हिवाळ्यात तो दिसेनासा होतो, कारण मातीत झोपलेला असतो. सोसायटीत सांगून ठेवा. ‘किडे झालेत’ म्हणून पंप घेऊन येणारा कुणीतरी असतोच.

हा एक अपवाद सोडला तर बाकी मंडळींशी सावकाश ओळख करून घेता येते. त्यासाठी फूल यायचीही वाट बघावी लागत नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ तोडल्यावर काय निघतं, आणि मुळाशी काय आहे, इतकं बघितलं तरी निम्मं काम होतं.

देठ तोडण्याचं महत्त्व सगळ्यात जास्त घोळ भाजीच्या बाबतीत. घोळ, कुणाकडे चिघळ म्हणतात, जमिनीवर पसरते. खोड लालसर, गुळगुळीत, रसरशीत. पानं जाड, दाबली तर पाणी सुटणारी. फूल बारीक पिवळं. तिच्याच शेजारी, तशीच पसरट आणि तशाच लालसर देठांची नायटी, म्हणजे लहान दुधी उगवते. लांबून बघितलं तर बहिणी वाटाव्यात. देठ तोडा. घोळीतून स्वच्छ पाणी येतं, नायटीतून पांढरा चीक. चीक निघाला की भाजीच्या टोपलीतून बाहेर, यात तडजोड नाही. तो चीक डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते, म्हणून मुलांना हा प्रयोग दाखवायचा असेल तर लगेच हात धुवायला लावा. आणि खात्रीची घोळ मिळाली, तरी घरात कुणाला मूतखड्याचा त्रास असेल तर बेतानं. घोळ आणि आंबुशी दोन्हींत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं.

आंबुशीची ओळख करून द्यायला नको. तीन बदामी पानं, पिवळं फूल, जिभेला आंबट. शाळेच्या मैदानात बसून ती न चघळलेला माणूस विरळाच. तिची शेंग पिकल्यावर हात लावला की बिया टणाटण उडतात, म्हणून एका कुंडीतली आंबुशी आठवड्याभरात दहा कुंड्यांत जाते. बेंगळुरूच्या बागांत तिची एक गुलाबी फुलांची, मोठ्या पानांची परदेशी बहीणही सापडते. तिला वरून उपटून काही होत नाही, खाली बारीक कांद्यांचा घोसच असतो. मात्र पिवळी आंबुशी सगळीच्या सगळी काढू नका, असं मी सांगेन. हिरवळीवर पायाशी भुरभुरणारं नखाएवढं निळसर फुलपाखरू बघितलंय ना? त्याच्या अळ्या या आंबुशीवरच वाढतात. एक पसरट कुंडी आंबुशीला दिली तर घरबसल्या फुलपाखरू मिळतं.

सकाळी निळं फूल दिसलं आणि दुपारी जेवून येईपर्यंत मिटलं, तर तो केना. कोकणात-घाटावर पावसाळ्यात त्याची भाजी करतात, भजीही. पण बागेत तो चिवट पाहुणा आहे आणि त्याचं कारण जमिनीखाली आहे. वरच्या निळ्या फुलांशिवाय केन्याला मातीच्या आतही फुलं येतात. ती कधीच उमलत नाहीत, आतल्या आत त्यांचं बी तयार होतं. म्हणजे तुम्ही वरचं प्रत्येक फूल खुडलंत तरी पुढच्या वर्षीची तरतूद झालेली असते. तोडलेल्या कांड्याही ओल्या मातीत पुन्हा रुजतात. केना काढायचा तर ओंजळभर मातीसकट, आणि दोन दिवस फरशीवर कडक वाळवून.

लव्हाळ्याशी मात्र लढाईत उतरू नका, विशेषतः कुंडीत. तिधारी दांडा बोटांत फिरवून बघा, गवताचा गोल लागतो, याचा कोनेदार. खाली सुगंधी काळसर गाठी, त्याच आपल्या उटण्यातला नागरमोथा. एक गाठ तुटून राहिली की तिच्यापासून नवी माळ तयार होते. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या यादीत त्याला पहिलं स्थान देणारे शास्त्रज्ञ आहेत. पुरात मोठी झाडं वाहून जातात आणि लव्हाळी वाचतात हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं गेलं, त्यातला नम्रतेचा धडा ठीक आहे, पण खरं रहस्य या गाठींत आहे. सोपा उपाय म्हणजे झाड काढून, मुळं धुऊन, सगळी माती बदलणं. जुनी माती चाळून गाठी उन्हात टाका.

इथवर वाचून ‘ही सगळी तर आपल्या गावाकडचीच’ असं वाटलं असेल, तर ते बरोबर आहे. दख्खनच्या पठारावर कोल्हापूर ते कोलार तणांना राज्याच्या सीमा माहीत नाहीत. बदलतं ते नाव, आणि नाव माहीत नसल्यामुळे आपण दारातली वस्तू बाजारात शोधत फिरतो. श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा हवा म्हणून मल्लेश्वरमच्या बाजारात किंवा गांधी बाजारात ‘आघाडा, आघाडा’ म्हणून विचारून काही उपयोग नाही. ‘उत्तराणी’ म्हणा. आणि आधी आपल्या इमारतीच्या पार्किंगच्या कडेला बघून या. लांब काठीसारखा तुरा, त्यावर खाली वळलेल्या टोकदार बिया, पँटला चिकटणाऱ्या. दुर्वा म्हणजे ‘गरिके’, भुईआवळा म्हणजे ‘नेलनेल्ली’. शब्दशः तेच, नेल म्हणजे जमीन आणि नेल्ली म्हणजे आवळा. पांढऱ्या फुलांचा तुंबा इथेही ‘तुंबे’च आणि शंकराला प्रिय. लाजाळूची गंमत वेगळी आहे. आपण म्हणतो ती लाजते. कन्नडमध्ये ती ‘मुट्टिदरे मुनि’, म्हणजे हात लावला की रुसते.

ब्राह्मीच्या बाबतीत मात्र नावानं फसगत होते. इथल्या बाजारात मिळणारी ‘ओंदेलगा’, म्हणजे एका पानाची, तीच आपल्याकडे अनेक घरांत ब्राह्मी म्हणून ओळखली जाते. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक दाते, आणि देठ पानाच्या खाचेत जोडलेला. पण ज्या लहान, लांबट, मांसल पानांच्या रोपाला पांढरी-जांभळट फुलं येतात, तीही ब्राह्मीच म्हणवते. ती जलब्राह्मी, पूर्ण वेगळी वनस्पती. तिसरी एक शोभेची, नाण्यासारख्या गोल पानांची, नर्सरीत कुंडीत मिळते. तिचा देठ छत्रीच्या दांड्यासारखा पानाच्या मध्यावर असतो. तिची चटणी करून मुलांची स्मरणशक्ती वाढवायला जाऊ नका.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडे जशा रानभाज्या तशी इथे ‘बेरके सोप्पु’ची रीत आहे. बेरके म्हणजे मिसळ, सोप्पु म्हणजे पालेभाजी. पावसानंतर शेताच्या बांधावरून दहा-बारा प्रकारचा पाला खुडून एकत्र शिजवायचा, पाण्याचा सार आणि पाल्याची भाजी करायची आणि रागीच्या मुद्द्याबरोबर खायचं. बेंगळुरू, कोलार, तुमकुरूकडच्या घरांतल्या आजींना हा पाला डोळे मिटून ओळखता येतो. तुमच्या इमारतीत अशी आजी असेल, तर कुठल्याही ॲपपेक्षा तिचा सल्ला आधी घ्या. ‘गणिके सोप्पु’, म्हणजे आपली कामोणी, त्या आवडीनं खातात. पण त्या शिजवून खातात आणि हिरव्या कच्च्या फळांपासून मुलांना लांब ठेवतात, हे दोन्ही लक्षात घ्या. त्या पिकल्या काळ्या फळांच्या झुडपाशेजारी रुंद पानांचं, उग्र वासाचं दुसरं रोप वाढत असेल तर ते धोतऱ्याचं असू शकतं. त्याचं पान, फूल, बी सगळंच विषारी. माठ, तांदुळजा खुडताना एखादं धोतऱ्याचं कोवळं पान जुडीत येऊ नये, म्हणून खुडणारे हात एकाचेच असावेत आणि ते घाईत नसावेत. रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा, तलावाच्या सांडपाण्यावर वाढलेला पाला कितीही लुसलुशीत असला तरी नको.

ॲपबद्दल दोन शब्द. मोबाइलनं फोटो काढून नाव विचारणं आता सगळेच करतात आणि ते चांगलंच आहे. पण एकच फोटो, वरून, कुंडीच्या कडेसह, असा पाठवला तर उत्तर भलतंच येतं. पूर्ण रोप, पानाची वरची आणि खालची बाजू, पान खोडाला मिळतं ती जागा, आणि असेल तर फूल किंवा फळ, असे वेगवेगळे फोटो घ्या. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. ॲपनं दिलेलं इंग्रजी बोलीनाव सोडून द्या, शास्त्रीय नाव घ्या आणि ते पडताळा. भारतीय विज्ञान संस्थेच्या वनस्पतिसंग्रहालयानं कर्नाटकातल्या वनस्पतींची फोटोंसह डिजिटल सूची केली आहे. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकला तर जाणकार माणसं नाव सुचवतात. खाण्याचा निर्णय मात्र कुठल्याच ॲपवर सोडू नका.

आता पक्ष्यांच्या पोटातून येणाऱ्यांकडे वळू. भिंतीच्या फटीत, पाण्याच्या पाइपाच्या कोपऱ्यात उगवतो तो बहुधा पिंपळ, वड नाही तर उंबर. पिंपळ उपटायला आपला हात धजत नाही आणि तो ठेवला तर भिंत राहत नाही. वीतभर असतानाच फटीत पाणी सोडून मुळं सैल करा आणि कुंडीत हलवा. इथे गावोगावी अश्वत्थकट्टे असतात, तिथल्या लोकांना विचारा, पिंपळाचं रोप ते आनंदानं घेतात. लवदार, कडेला दाते असलेल्या पानांचं, भराभर वाढणारं रोप असेल तर ती सिंगापूर चेरी, इथल्या मुलांची ‘गसगसे हण्णु’. कुंडीत तिचं भागत नाही, पण अंगणात जागा असेल तर बुलबुलांची पंगत बसते.

आणि कधीतरी, बुलबुल किंवा कोकीळ बसतो त्या फांदीखाली, एक अगदी साधं रोप येतं. पानं समोरासमोर, गुळगुळीत, कडा सरळ, वरून चकचकीत आणि खालून फिकट. काहीच खास नाही. बेंगळुरूच्या जुन्या वस्त्यांमध्ये अशी रोपं दरवर्षी नुसती तण म्हणून उपटली जातात. ते चंदन असू शकतं.

पान चुरगळून वास घेऊ नका, काही मिळणार नाही. चंदनाच्या पानाला सुगंध नसतो. तो खोडाच्या आतल्या गाभ्यात असतो आणि गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. खात्री पटते ती दोन-तीन वर्षांनी बारीक किरमिजी फुलं आणि जांभळी-काळी, टोकाशी गोल वळं असलेली फळं आल्यावर. तोवर शंका आली तर मल्लेश्वरममध्ये काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे, चंदनावर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं.

चंदनाला एकटं ठेवलं तर ते खुरटतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. ते अर्धं परजीवी आहे. पानांत अन्न तयार करतं, पण पाणी आणि क्षार शेजाऱ्यांच्या मुळांना चिकटून घेतं. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत मुद्दाम दुसरं रोप लावतात. तूर चालते, आणि इथे बाजारात जुडीनं मिळणारी ‘होनगोन्ने सोप्पु’ ही पसरट पालेभाजीसुद्धा. तेव्हा चंदनाचं रोप हलवायचं असेल तर आजूबाजूच्या तणासकट, मातीचा मोठा गड्डा घेऊन हलवा आणि त्याच्याभोवतीची खुरपणी काही दिवस विसरा.

जुन्या पिढीतले लोक घाबरवतील की चंदन सरकारचं असतं, दारात उगवलं तर पोलीस येतील. ते उगाच म्हणत नाहीत. टिपू सुलतानानं १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि नंतर संस्थानानं, मग सरकारनं ती मालकी चालू ठेवली. लोक म्हणूनच रोप दिसलं की गुपचूप उपटत. २००१ मध्ये कर्नाटकानं वन कायदा बदलला आणि खासगी जमिनीवरचं चंदन जमीनमालकाचं झालं. लावायला, वाढवायला आडकाठी नाही. तोडायला आणि विकायला मात्र वनखात्याची परवानगी लागते.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला सांगून ठेवा, गच्चीत असाल तर शेत असलेल्या कुणाला तरी रोप द्या. अंगणात वाढवणार असाल तर एक काळजी घ्या. पहारेकरी असलेल्या मोठमोठ्या आवारांतूनही रातोरात चंदनाची झाडं कापून नेल्याच्या बातम्या या शहरात अधूनमधून येतात. ओळख पटवण्यासाठी फोटो जरूर टाका, पण टाकण्याआधी मोबाइलमधलं लोकेशन बंद करा, आणि फोटोत घराची पाटी येत नाही ना, तेही बघा.